मदत हवी आहे: अनुक्रमणिकेत एकाच प्रकरणाचे नाव पुन्हा पुन्हा येते

पानगाठ: पुस्तकाची मांडणी पूर्ण होत आली आहे, परंतु अनुक्रमणिका तयार केली की प्रत्येक प्रकरणाचे नाव त्या प्रकरणात जितकी पाने आहेत तितक्या वेळा येते. प्रस्तावनेची पाने वाढवली, तरी पृष्ठक्रमांक जुनेच आहेत. फाइल छपाईला लगेच द्यायची आहे, त्यामुळे कृपया थेट उपाय सांगावा.

खिळाजोड: सॉफ्टवेअर कोणते? शीर्षकांना पॅरेग्राफ स्टाइल (परिच्छेदाच्या रूपाची नाव देऊन जतन केलेली मांडणी) दिली आहे का?

पानगाठ: इनडिझाइन. ‘प्रकरण-नाव’ अशी स्टाइल आहे आणि अनुक्रमणिकेसाठी तीच निवडली आहे.

शेवटचे प्रूफ: एवढ्या घाईत अनुक्रमणिका हातानेच टाइप करावी. मी नेहमी तसेच करतो आणि कधी अडत नाही.

खिळाजोड: मी याच्याशी सहमत नाही. शेवटच्या वाचनात एक परिच्छेद वाढला, तरी पुढचे क्रमांक सरकतात आणि त्यातला एखादा तपासायचा राहतोच. पानगाठ, पानाच्या माथ्यावर प्रकरणाचे नाव येते का, आणि ते कसे टाकले आहे?

पानगाठ: येते. मास्टर पेजवर, म्हणजे सगळ्या पानांना लागू होणाऱ्या साचा-पानावर, रिकामी चौकट आहे. प्रत्येक पानावर ती मोकळी करून (त्या पानापुरती बदलता येईल अशी करून) तीत नाव टाकले, तीच स्टाइल लावली आणि अक्षर लहान केले.

मुक्तलेखणी: लिबरऑफिस रायटरमध्ये ‘हेडिंग 1’ दिले की अनुक्रमणिका सहज तयार होते. आपण तिकडे वळावे.

खिळाजोड: मांडणी संपत आली असताना सॉफ्टवेअर बदलण्याचा सल्ला उपयोगाचा नाही. कारण आता स्पष्ट आहे. मास्टरवरची चौकट पानावर मोकळी केली की तिच्यातील मजकूर त्या पानाचा होतो, आणि अनुक्रमणिका आकार न पाहता केवळ स्टाइल पाहत असल्यामुळे माथ्यावरचे प्रत्येक नाव तिला नवे शीर्षक वाटते. माथ्यासाठी वेगळी स्टाइल करा. टाइप मेनूतील टेक्स्ट व्हेरिएबल्समध्ये ‘रनिंग हेडर’ (माथ्यावर प्रकरणाचे नाव आपोआप दाखवणारा घटक) घेऊन त्याला ‘प्रकरण-नाव’ ही स्टाइल दाखवा आणि ते मास्टरवरच्या चौकटीत ठेवा. मग पानांवरच्या फक्त त्या चौकटी निवडून त्यांच्यावरचे स्थानिक बदल, म्हणजे त्या पानापुरते केलेले बदल, काढा. सगळे बदल एकदम काढू नका, मुख्य मजकुराच्या चौकटींनाही धक्का लागू शकतो. क्रमांक आपोआप बदलत नाहीत. अनुक्रमणिकेची चौकट निवडून लेआउट मेनूतून ती अपडेट करावी लागते, आणि त्यात हाताने केलेली सजावट पुसली जाते, म्हणून सजावट एंट्री स्टाइलमध्येच (अनुक्रमणिकेतील नोंदींच्या स्टाइलमध्ये) करावी.

पुस्तकखूण: अनुक्रमणिकेच्या खिडकीत पीडीएफ बुकमार्कचा (पीडीएफमध्ये थेट प्रकरणावर नेणाऱ्या खुणांचा) पर्यायही असतो. निर्यात करताना बुकमार्क निवडायला विसरू नये.

पानगाठ: मला छापील प्रत काढायची आहे. खिळाजोड, नोंदी आता एकेकदाच येतात आणि क्रमांकही जुळले. मात्र प्रकरणाच्या पहिल्या पानावर माथ्यावर आणि खाली शीर्षकात तेच नाव दिसते. ते कसे टाळावे?

खिळाजोड: चालू मास्टरवर आधारलेला दुसरा मास्टर करा, त्यातील माथ्याची चौकट काढा, पृष्ठक्रमांक तसाच ठेवा आणि प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानाला तो लावा. आपली आवृत्ती 2022 ची किंवा त्यानंतरची असेल, तर मास्टर पेजऐवजी ‘पेरेंट पेज’ असे नाव दिसेल.