पाणीकपात : इमारतीत पाण्याची सारखी वाटणी कशी करायची? मदत हवी आहे

मंडळी, रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे आणि त्याआधी पाण्याचं वेळापत्रक बसवायचं काम माझ्याकडे आलंय. तुमच्या इमारतीत हे जमलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

आम्ही मुंबईत भांडुप पश्चिमेला, चढावर राहतो. तळमजला आणि वर तीन मजले, १६ बिऱ्हाडं, ६२ माणसं. लिफ्ट नाही. यंदा, २०२४ मध्ये, ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात लागली. दहा टक्के म्हणजे बादलीमागे दोन तांबे कमी, इतकंच मी धरलं होतं. पण पहाटे पावणेपाचला येणारं पाणी आता सव्वापाचला येतं आणि साडेसहालाच धार करंगळीएवढी होते. खालच्या टाकीत आठ दिवस काठी बुडवून मोजलं. टाकी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, म्हणजे दर १० सेंटीमीटरला ६०० लिटर. भिंतीवरच्या जुन्या ओलीच्या खुणेपर्यंत १३० सेंटीमीटर भरायची, आता ९० च्या वर जात नाही. ७,८०० चे ५,४०० लिटर झाले. माणशी ८७. शहरात माणशी १३५ लिटर धरतात.

तरी ८७ लिटरमध्ये भागतं, असं माझं मत आहे. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. मुंबईला जवळपास निम्मं पाणी देणारं भातसा धरण तिथलंच, आणि तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत बसतात. त्यामुळे कपातीबद्दल माझी तक्रार नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांचा तळ दिसायला लागलाय, तेव्हा ती हवीच.

त्रास वाटणीचा आहे. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडतात. तळमजल्यावर नळ धो धो वाहतात, पिंपं भरतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे सुतासारखी धार, तीही शेवटची पाच मिनिटं. त्या ७८ वर्षांच्या, एकट्या. परवा त्या कळशी घेऊन जिना चढताना दिसल्या आणि मला रात्रभर झोप लागली नाही. तळमजल्यावरचे लोक वाईट नाहीत. नळ सोडला की पाणी येतं, म्हणून भरतात.

मजल्यावार व्हॉल्व्ह लावता येतील का? आमच्याकडे मजल्याच्या वेगळ्या लाइनी नाहीत. मोरीची एक उभी लाइन चारही घरांतून खाली जाते. शिवाय एक सभासद म्हणतात, रस्त्यावरच्या लाइनीलाच मोटर लावू. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद

ताई, मोटरचा विषय सभेत पहिल्यांदा बंद करा. मुख्य लाइनीला थेट मोटर लावणं बेकायदा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे पाणी नसताना रिकामी लाइन ओढली की फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत येतं. तुम्हीही आजारी पडाल आणि पुढची चाळही.

आता वाटणी. गच्चीच्या टाकीपासून जितकं खाली, तितका दाब जास्त. त्यामुळे खालची घरं आधी भरतात. प्रत्येक घरात लाइन शिरते तिथे बंद करायचा कॉक असतो. तळमजल्याचा आणि पहिल्या मजल्याचा तो अर्ध्याहून जास्त आवळा, दुसऱ्याचा थोडा, तिसऱ्याचा पूर्ण उघडा. मग प्रत्येक मजल्यावर एक मिनिटात बादली किती भरते ते बघा आणि चारही आकडे जवळ येईपर्यंत फिरवत राहा. आम्हाला दोन सकाळी लागल्या. कॉक कुणी परत उघडू नये म्हणून जागेवर रंगाची खूण करा.

आणि गळती बघा. रात्री ११ ला गच्चीच्या टाकीत खडूने रेघ मारा, पहाटे पंपाआधी बघा. आमच्याकडे चार बोटं पाणी उतरायचं, कारण तीन घरांच्या फ्लशच्या टाक्या गळत होत्या. टाकीत हळद टाकून फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यात पिवळं उतरलं तर वॉशर गेलंय.

दुसरा प्रतिसाद

मोजलेले आकडे कागदावर घेऊन महापालिकेच्या 'एस' विभागात (भांडुप त्यातच येतं) जलकामे खात्याच्या सहायक अभियंत्यांना भेटा. पालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. शहराची कपात १० टक्के आणि तुमची तीस, म्हणजे तुमच्या जोडणीतही काही अडकलं असू शकतं. गंजलेली जुनी लाइन दाब कमी झाला की आधी हात आखडते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री रेघ मारली. सकाळी दोन बोटं उतरलेली. हळदीत दोन घरं सापडली, त्यातलं एक आमचंच. आज वॉशर बदललं.

कॉक आवळायला तळमजल्याच्या काकू लगेच तयार झाल्या, फक्त त्यांचा कॉक गंजून बसलाय, फिरतच नाही. प्लंबर म्हणतो, जोर लावला तर लाइनच तुटेल आणि पाइप जुना जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) आहे. तो न कापता पुढे, नळाच्या तोंडाशीच दाब कमी करायचं काही मिळतं का? शनिवारपर्यंत कळलं तर सभेआधी बसवून घेईन.