साक्षीदाराला धमकी, पोलिसांनी एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) भागवलं. पुढे काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार. सत्र न्यायालयात फौजदारी कामं करणाऱ्या वकिलांनी जरा लक्ष घालावं ही विनंती.

2023 साली आमच्या गावात बांधावरून भांडण पेटलं आणि एकावर कोयत्याने वार झाले. भादंवि (जुनी भारतीय दंड संहिता) 307, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाखाली केस चालू आहे, आरोपी जामिनावर बाहेर आहे. माझे चुलते तेव्हा शेजारच्या रानात उसाला पाणी देत होते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तसा जबाबही दिला. आता साक्षीचं समन्स आलंय आणि तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही.

आधी आरोपीचा मेहुणा आला, चहा घेतला आणि गोडीत म्हणाला, "तात्या, लांबून नीट दिसलं नाही, एवढंच म्हणा." तात्या बधले नाहीत. मग फोन आला: "तारखेला गेलात तर विहिरीवरची मोटार जाग्यावर राहणार नाही. पोरगी एसटीने कॉलेजला जाते, तेवढं ध्यानात ठेवा." हा फोन रेकॉर्ड झालाय.

ठाण्यात गेलो तर एनसी लिहून हातात कागद दिला. वर सांगितलं, "कोर्टातली भानगड आहे, कोर्टातच सांगा." गावात जो तो 'कोर्टाचा अवमान लावा' म्हणतोय, सल्ले फुकट असतात.

मी वाचलं त्यानुसार खोटी साक्ष द्यायला धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पण मूळ केस जुन्या कायद्याखाली आहे, मग हे कलम लागेल का? आणि 'खोटं बोल' असं न म्हणता 'जाऊच नको' म्हटलं तर? तात्यांना साक्ष द्यायचीच आहे. काकू मात्र हात जोडून नको म्हणतायत, आणि मुलीचं नाव निघाल्यावर त्यांना तरी काय सांगणार?

प्रतिसाद 1:
धमकी 1 जुलै 2024 नंतरची, म्हणजे न्याय संहिता लागू झाल्यानंतरची आहे ना? मग तिला नवीनच कायदा. मूळ खटला 307 वर चालू राहील, दोन्ही वेगळे गुन्हे. 232 दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. 'कोर्टात सांगा' हे उत्तर आता चालत नाही: केरळच्या एका प्रकरणात 28 ऑक्टोबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने याच्या जुन्या रूपाबद्दल, म्हणजे भादंवि 195अ बद्दल, पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात असं स्पष्ट केलंय. ठाण्याने ऐकलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे एसपींना लेखी अर्ज टपालाने पाठवा, तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा.

'जाऊच नको' यावर बचावाचा वकील वाद घालेल. म्हणून तक्रारीत मेहुण्याचं "दिसलं नाही म्हणा" हे वाक्य जसंच्या तसं, आधी लिहा. फोन त्याच दबावाचा पुढचा भाग म्हणून येऊ द्या. रेकॉर्डिंग मूळ मोबाईलमध्येच राहू द्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. अवमानाच्या वाटेला सध्या जाऊ नका, फौजदारी अवमान हायकोर्टापुढे जातो आणि तुमची तारीख तोंडावर आहे.

प्रतिसाद 2:
गुन्हा नोंदवून मुलगी सुरक्षित होत नाही, म्हणून हे आजच करा. सरकारी वकिलांना भेटून जामीन रद्द करण्याचा अर्ज द्यायला सांगा. मेहुणा आरोपीच्या सांगण्यावरून आला हे दाखवावं लागेल, कॉल डिटेल्स तिथे कामी येतात. शिवाय 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला प्रकरणात मंजूर केलेली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज जातो, डीवायएसपी धोक्याचा अहवाल देतात. कुटुंबीयांसाठीही संरक्षण मागता येतं, तेव्हा अर्जात मुलीचा उल्लेख ठळक करा. आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा असतो. साक्षीची तारीख लांबली तर मुदतवाढीचा अर्ज आधीच टाका.