‘पाणी’ला पाचपैकी किती? आपल्या मुलखाचा सिनेमा म्हणून गुण वाढवायचे का?

सेलूकर
एवढ्यात सवडीने तीन मराठी सिनेमे बघितले. पाचपैकी गुण देतोय. पटले नाहीत तर मोकळेपणानं सांगा.

दशावतार: साडेतीन. दिलीप प्रभावळकरांसाठी बघाच. ऐंशी पार केलेला हा माणूस रंग लावून असा उभा राहतो की मध्यंतरानंतर कथा सैल झाली तरी नजर हटत नाही.

स्थळ: साडेचार. जयंत सोमलकर यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्याच डोंगरगावात, गावातल्या माणसांना घेऊन केलेला सिनेमा. सुरुवातीलाच सगळं उलटं दिसतं. बाया पाहुण्या म्हणून बसल्यात आणि पोरगा मान खाली घालून उत्तरं देतोय. ते सविताचं स्वप्न. मग तिला बघायला खरे पाहुणे येतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. दिग्दर्शक कुठंच घाई करत नाही, त्यामुळे बघणाऱ्यालाही त्या बैठकीतून सुटका नाही. बाप कापूस पिकवणारा. मालाला भाव नाही आणि पोरगी उजवायची आहे. कुणी भाषण न देता सगळं कळतं.

पाणी: तीन. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या नागदरवाडीची आणि हनुमंत केंद्रे यांची खरी गोष्ट. दिग्दर्शक आणि नायक दोन्ही आदिनाथ कोठारे. 2019 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणाच्या विषयावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि टॉकीजला यायला ऑक्टोबर 2024 उजाडला. सिनेमा प्रामाणिक आहे, सुवर्णाच्या भूमिकेत रुचा वैद्य छान आहे. पण प्रेमकथेनं जागा फार घेतली. गावात पाणी कसं आणलं, कुणी कुणाला समजावलं, कुणाच्या रानात काय भांडण झालं, ते मला उरकल्यासारखं वाटलं. आणि मूळ नवल तर तेच होतं.

आमच्या कट्ट्यावर एकानं सुनावलं, ‘आपल्या मराठवाड्याचा सिनेमा आहे, एक गुण तरी जास्त दे.’ मला हे मुळीच पटत नाही. आपला म्हणून सांभाळून घेतलं की पुढचा सिनेमाही अर्धामुर्धाच येणार.

लोहा-कंधार
सेलूकर, तुमचे गुण वाचून खरंच वाईट वाटलं. माझे साडेचार.

प्रेमकथेनं जागा खाल्ली म्हणता, पण तीच तर या गोष्टीची मोट ओढते. आमच्या भागात पोरीचा बाप पहिल्यांदा विचारतो ते पाण्याचं. जमीन किती, नोकरी काय, हे नंतर. ‘पाणी कुठून आणावं लागतं?’ याचं उत्तर ऐकलं की पाव्हणे चहा पिऊन उठतात आणि निरोप येतच नाही. तिशी ओलांडलेली, चांगल्या वळणाची पोरं गावोगाव बसून आहेत. हनुमंत सुवर्णासाठी पाण्याच्या मागं लागतो यात नाटकीपणा कुठं आला? माणूस गावासाठी पेटून उठतो तेव्हा आत असंच काहीतरी घरचं दुखणं असतं.

स्थळ तुम्हाला एवढा आवडला. तिथंही लग्नच आहे की. विदर्भातलं लग्न चालतं आणि लोह्यातलं जागा खातं?

पाणलोटवाला
मी सेलूकरांच्या बाजूनं. माझी बरीच वर्षं गावोगाव पाणी अडवण्याच्या कामात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

डोंगरावर समतल चर, म्हणजे पाणी अडवायला एकाच उंचीवरून जाणारी आडवी नाली, खोदायचा तर आधी रेषा आखावी लागते. लाकडाची ए फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची चौकट, घेऊन दोघं जण उतारावर चालतात. मधे दगड बांधलेली दोरी लोंबत असते. ती बरोबर खुणेवर आली की दोन्ही पाय एका उंचीवर, तिथं फक्की टाकायची आणि पुढं सरकायचं. गावातला न शिकलेला म्हातारा हे एका सकाळीत शिकतो आणि इंजिनियरची चूक काढतो. चर खोदताना माती खालच्या अंगाला टाकायची, वरच्या नाही, नाहीतर पहिल्याच पावसात चर बुजतो. काम माथ्यावरून पायथ्याकडे न्यायचं. खाली आधी बंधारा बांधला तर तो गाळानं भरणार. आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी मुरायला जागा कमी, म्हणून वर अडवलेल्या थेंबाला फार किंमत.

आणि खरी लढाई चराईबंदीची. डोंगर राखायचा म्हणजे शेळ्या बंद. शेळ्या कुणाच्या? ज्याला जमीन नाही त्याच्या. पाणी वाढून विहीर कुणाची भरणार? ज्याला जमीन आहे त्याची. ज्या गावानं हा पेच सोडवला तिथं काम टिकलं. बाकीच्या गावांत दोन वर्षांत चर बुजले. अशी बैठक पडद्यावर पंधरा मिनिटं दाखवा, लोक श्वास रोखून बघतील. मला तिथं भूक राहिली. साडेतीन देतो.

मुकुंदराजांच्या गावची
मी अंबाजोगाईची. माझा मुद्दा तुम्हा तिघांपेक्षा वेगळा आहे.

मला मराठवाडा म्हटलं की भेगाळलेली जमीन आणि रिकामी घागर बघायची नाही. आता पुरे. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं बघितलं. तेव्हापासून कुणी कॅमेरा घेऊन इकडं आला की त्याला तेवढंच दिसतं. 2025 च्या सप्टेंबरात आमच्याकडं अतिवृष्टी झाली, शेतातली माती खरवडून गेली, जनावरं वाहून गेली. त्या मातीवर कोण सिनेमा करणार? की पाणी जास्त झालं तर तो मराठवाडाच नाही?

आणि दुःखच कशाला? लातूर पॅटर्नसाठी बारा गावची पोरं एका खोलीत राहतात, मेसच्या डब्यावर दिवस काढतात, पहाटे उठून घोकतात. केवढी मोठी गोष्ट आहे ती! पैठणचे माग आहेत, खुलदाबादचे दर्गे आहेत, नांदेडचा गुरुद्वारा आहे. एवढा मुलूख आणि पडद्यावर एकच चित्र. सिनेमा वाईट नाही, पण विषयाला माझे दोन.

निलंग्याची सून
ताई, तुमचा राग समजतो, पण मी उलट सांगते. रिकामी घागर दाखवून पुरे झाली म्हणता, पण ती घागर कुणाच्या डोक्यावर होती हे किती सिनेमांनी दाखवलं? मी स्वतः टँकरमागं पळालेय. टँकर आला की पाइप आधी कुणाच्या बॅरलात, यावरून सख्ख्या जावांचं बोलणं बंद होतं. उन्हाळाभर पोरींची शाळा बुडते. हे सोसून झालेल्या बाईला ‘पाणी’ सिनेमा बघताना रडू येतं आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. सासूबाई आणि मी एकत्र बघितला. त्या एरवी सिनेमा लागला की उठून जातात, हा शेवटपर्यंत बघितला. माझे चार.

सेलूकर
लोहा-कंधार, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. स्थळमध्ये लग्न हाच विषय आहे, त्यामुळे कॅमेरा तिथून हलला नाही हे बरोबरच. पाणीचा विषय नावातच आहे. लग्नापासून सुरुवात करायला माझी हरकत नाही, उलट ती चांगली जागा आहे. पण पाणलोटवाल्यांनी शेळ्यांचं जे लिहिलं, ते माझ्यासारख्या सेलूत वाढलेल्या माणसाला आज नव्यानं कळलं. दोन तासांचा सिनेमा बघून ते कळायला नको होतं का? माझे तीनच.

अंबाजोगाईच्या ताई, विषय जुना म्हणून गुण कापणं मात्र अन्याय आहे. बाकीच्यांनी लातूर पॅटर्नवर सिनेमा केला नाही, याची शिक्षा कोठाऱ्यांना कशी देता येईल?

मुकुंदराजांच्या गावची
शिक्षा नाही हो. मी प्रेक्षक आहे, परीक्षक नाही. वेळ माझा जातो. मला काय बघायची ओढ होती आणि काय मिळालं, यावरच माझे गुण ठरणार. तुम्हीही कामाचे तपशील मिळाले नाहीत म्हणूनच कापलेत ना? तुमची भूक वेगळी, माझी वेगळी, एवढंच.

उदगीरचा
बोलण्याचंही कुणीतरी सांगा की. आमच्याकडं ‘येऊ लालाव’, बीडकडं ‘यायलोय’, परभणीत आणखी तिसरंच. पडद्यावर काहीही बोललं तरी चार जिल्हे नाराज होणार. पाणीत निदान पुण्याचं बोलणं डोक्यावर गावठी फेटा बांधून आणलेलं नाही. कलाकारांनी कष्ट घेतलेत, ते कानाला जाणवतं. स्थळला मात्र तोड नाही, कारण तिथं माणसं घरचंच बोलतात. पाणी चार, स्थळ पाच.

जिंतूर रोड
गुणांचं चाललंय ते चालू द्या, पण बघायचा कुठं? आमच्या तालुक्याला टॉकीज उरली नाही. जिल्ह्याला जावं तर मराठी सिनेमाला दुपारचा एकच खेळ, तोही दुसऱ्या आठवड्यात गायब. छावाला 2025 च्या फेब्रुवारीत लोक ट्रॅक्टर काढून गेले, कारण खेळ दिवसभर होते. पाणी आणि स्थळ दोन्ही मी मोबाईलवर बघितले. रानातली शांतता सहा इंचाच्या पडद्यावर कळत नाही, म्हणून मी गुणच देत नाही.

लोहा-कंधार
जिंतूर रोड, म्हणूनच मी जास्त गुण देतो. हा सिनेमा आपण टॉकीजला जाऊन उचलून धरला नाही, तर लोह्याचं नाव घेऊन इकडं पुन्हा पैसा लावायला कोण येणार? सेलूकर म्हणतात, सांभाळून घेतलं की पुढचा अर्धामुर्धा येतो. माझी भीती वेगळी आहे. पुढचा येणारच नाही.

पाणलोटवाले, चराईबंदीचा मुद्दा मात्र मला लागला. आमच्या घरी शेळ्या होत्या. डोंगर बंद झाला तेव्हा आजीनं विकल्या आणि त्या भरल्या विहिरीचा तिला कधी उपयोग झाला नाही. एवढं असूनही मी साडेचारवरून खाली येणार नाही.

पाणलोटवाला
तुमच्या आजीवर सिनेमा व्हायला हवा. तो आला तर मी लोह्यात येऊन बघीन. तालुक्याला टॉकीज नसली तर शाळेच्या मैदानावर पडदा बांधू, जनरेटर माझ्याकडं आहे.