उन्हाळ्यात गाडी अडली तेव्हा तुम्ही स्वतः काय केलंत?

तापीकाठ
काल कन्नड घाटात एक गाडी बॉनेट उघडून उभी होती. वाफ निघतेय आणि एक पोरगा फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवायला निघालेला. ओरडूनच थांबवला. आमचे आबा आठवले. त्यांची जुनी जीप याच घाटात तापायची. ते बॉनेट उघडून सावलीत बसायचे. वरचा पाईप हाताला सोसेल इतका गार झाल्याशिवाय झाकणाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आत पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, म्हणून झाकणाचं हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. तुमचे अनुभव लिहा.

भुसावळची_सून
लळिंग घाटात एसी बंद, काचा खाली, हीटर आणि ब्लोअर फुल्ल!! पोरं रडकुंडीला आली पण इंजिनाच्या तापमानाचा काटा खाली आला. हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. गाडी थांबवायला जागा मिळेपर्यंतच हं.

धुळेकर
खरं शे भो. पण रेडिएटरचा पंखा फिरतो का ते आधी बघा. आमचा फ्यूज उडाला होता. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर कुठला कशाचा ते असतं. तेवढ्याच अँपिअरचा टाका. तार गुंडाळून चालवणारे बघितलेत, वायरिंग जळतं.

रावेरची_ताई
आमच्याकडे उंदीर. केळीच्या बागेजवळ गाडी लावतो, वायरी कुरतडल्या. तंबाखूची पानं ठेवून फरक पडतो का कुणाला?

तापीकाठ
ताई, पानांचं माहीत नाही. आम्ही रात्री बॉनेट उघडं ठेवतो, आडोसा राहत नाही. बागेत भरीत पार्टी कधी? 😄

रावेरची_ताई
वांगी हिवाळ्यातली गोड, तेव्हा या सगळे. कळण्याची भाकरी माझ्याकडे.

शहादा_ट्रॅक्टर
स्टेपनी बदलताना नट आधी सैल करा, मग जॅक लावा. चाक अधांतरी असलं की नटाबरोबर फिरतं. आणि काळ्या मातीत जॅक रुततो, खाली जाड फळी पाहिजेच. मी डिकीत कायम ठेवतो. पावसाळ्यात तर विचारूच नका, कापसाच्या शेतात... जाऊ द्या, फोन आला.

अमळनेरकर
रेडिएटरमध्ये बोरचं पाणी रोज ओतू नका रे. आपलं पाणी जड, आत क्षार धरतात. अडचणीत घातलं तर नंतर काढून कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं तयार द्रव, भरा.

ज्योती_पाचोरा
बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलंय, सकाळी सेल्फ लागत नाही. घरी कोणी नाहीये.

धुळेकर
ताई, गाडी बंद ना? आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढा. लाल आधी काढताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. मग कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा. हातमोजे घाला. लावताना उलटं, लाल आधी. वरून व्हॅसलिन.

ज्योती_पाचोरा
घासतेय. फेस येतोय, बरोबर ना?

धुळेकर
हो, आम्ल आहे ते. बॅटरीच्या झाकणाच्या भोकांतून सोडा आत जाऊ देऊ नका. फेस थांबला की साध्या पाण्यानं पुसा, पूर्ण कोरडं करा, मग वायरी जोडा. सेल्फ मारून सांगा.