मदत हवी आहे: वेल्डिंग मटेरियलच्या दुकानाला गॅसची एजन्सी जोडायची आहे (कोल्हापूर)

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीलगत वेल्डिंग मटेरियलचं दुकान आहे. ६०१३ आणि ७०१८ रॉड, १.२ मिमी मिग वायर (गॅसच्या आवरणात सतत सरकणारी वेल्डिंगची तार), टॉर्चचे सुटे भाग, ग्राइंडिंगची चाकं असा माल. रॉड नेणारी गिऱ्हाइकं आता गॅसही इथूनच मागतात. महिन्याचा खात्रीचा खप असा: ऑक्सिजन ६०, सीओटू ४०, आर्गॉन व आर्गॉन-मिक्स मिळून ४०, डी.ए. (विरघळवलेला ॲसिटिलीन) १०.

मोठ्या डिस्ट्रिब्युटरचे सिलिंडर कमिशनवर विकायचे, की स्वतःचे घेऊन फिलरकडून (गॅस भरून देणाऱ्या प्लांटकडून) भरून आणायचे? दुसऱ्या पर्यायात सिलिंडरमागे सुटणारे पैसे जवळपास दुप्पट दिसतात. १५० च्या खपाला सिलिंडर किती लागतील? परवाना कधीपासून लागतो? आणि एक मोठं गिऱ्हाईक ड्युरा (द्रवरूप गॅसचा मोठा सिलिंडर) मागतंय, द्यावा का?

फिरता_सिलिंडर

दुप्पट पैसे कागदावर दिसतात. या धंद्यात कमाई सिलिंडर किती वेळा फिरतो त्यावर ठरते, एका भरण्यात काय सुटलं त्यावर नाही.

हिशेब असा करा: महिन्याचा खप गुणिले एका फेरीचे दिवस, भागिले ३०. गिऱ्हाइकाकडे २० दिवस, भरून यायला ३, तुमच्या रॅकवर ४, म्हणजे फेरी २७ दिवसांची. १५० च्या खपाला १३५ सिलिंडर. गिऱ्हाइकाने २० ऐवजी ४० दिवस ठेवला की फेरी ४७ दिवसांची होते आणि तेवढ्याच खपाला २३५ लागतात. जादा १०० सिलिंडरचं भांडवल अडकलं आणि विक्री एक रुपयाने वाढली नाही. हा हिशेब प्रत्येक गॅसचा वेगळा करा, कारण ऑक्सिजनचा सिलिंडर आर्गॉनच्या कामाला येत नाही. वर टेस्टिंग आणि व्हॉल्व दुरुस्तीसाठी दहा टक्के धरा.

महिन्याला दोन आर्गॉन वापरून तीन टाक्या अडवून बसणारं छोटं फॅब्रिकेशन शॉप तोट्यात नेतं. पहिल्या दिवसापासून डिपॉझिट घ्या, पंधरा दिवसांनंतर रोजचं भाडं लावा आणि ते बिलावर छापा. नोंद संख्येने ठेवू नका, खांद्यावर ठोकलेल्या नंबराने ठेवा. ‘तुमच्याकडे आमचे सहा आहेत’ यावर वाद होतो, नंबरावर होत नाही.

रेग्युलेटर

परवान्याचं: गॅस सिलिंडर नियम २०१६ नुसार एका वेळी ज्वालाग्राही नसलेल्या, विषारी नसलेल्या गॅसचे २०० पर्यंत आणि डी.ए.चे ५० पर्यंत सिलिंडर विनापरवाना ठेवता येतात. त्यापुढे पेसोचा (केंद्राची पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्था) साठवणुकीचा परवाना. ऑक्सिजन या २०० मध्येच मोजला जातो. पण मर्यादेच्या आत आहात म्हणून मांडणीचे नियम सुटत नाहीत: डी.ए. उभाच ठेवायचा, ऑक्सिजनपासून लांब किंवा मध्ये आगरोधक भिंत, भरलेले आणि रिकामे वेगळे, व्हॉल्वजवळ तेल-ग्रीसचा हात नाही.

जुने सिलिंडर स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. आधी खांद्यावरची टेस्टची तारीख वाचा. ऑक्सिजन, आर्गॉन, सीओटूला हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर पाच वर्षांनी, आणि मुदत संपलेला सिलिंडर फिलरने भरायचाच नसतो. मूळ मालकाचं नाव घासून काढलेला दिसला तर हातही लावू नका.

पोरोसिटी

गॅस सुरू केलात की वेल्डमध्ये छिद्रं आल्याची तक्रार तुमच्याकडे येणारच. लगेच सिलिंडर बदलून देऊ नका. नळी आणि जोड साबणाच्या पाण्याने तपासा, गॅसचा फ्लो मिनिटाला १२ ते १५ लिटर आहे का पाहा, नोझलमधला स्पॅटर (उडालेले धातूचे कण) काढा, पंखा बंद करा. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. त्याच बॅचच्या दोन सिलिंडरवर तेच झालं तर गॅस न संपवता दोन्ही फिलरकडे परत.

खरा दोष पुष्कळदा रिकाम्या सिलिंडरात शिरतो. गिऱ्हाईक गॅस पार संपवतं, व्हॉल्व उघडा ठेवतं, आणि पावसाळ्यात ओलसर हवा आत जाते. फिलरने व्हॅक्यूम नीट केला नाही की तीच ओल पुढच्या भरण्यात येते. ॲल्युमिनियमच्या टिग कामात (टंगस्टनच्या टोकाने होणाऱ्या वेल्डिंगमध्ये) टंगस्टन काळा पडून ती लगेच कळते. म्हणून नियमच करा: थोडा दाब शिल्लक, व्हॉल्व बंद, कॅप लावलेली, तरच रिकामा परत घेणार.

धागाकर्ता

खूप उपयोगी, आभार. ड्युराचं कुणी सांगेल का? गिऱ्हाईक रोज एक आर्गॉन वापरतं.

उणे_१८६

रोज एकाला ड्युरा नको. १९५ लिटरच्या ड्युरात सुमारे २७० किलो आर्गॉन, म्हणजे ७ घनमीटरचे २२-२३ सिलिंडर. आतलं द्रव आपोआप उकळत असतं, रोज दीड-दोन टक्के. वापर चालू असेल तर ते कामी येतं. सुट्टीच्या दिवशी किंवा काम मंद असताना रिलीफ व्हॉल्वमधून उडून जातं आणि गिऱ्हाईक ‘कमी भरलाय’ म्हणून तुमच्याशी भांडतं. रोजचा खप तीनच्या पुढे गेला की द्या, आणि वजनकाट्यावर भरून द्या.

स्थानिक डिस्ट्रिब्युटर का वाढतात तेही यातच आहे. ७ घनमीटर ऑक्सिजनचं वजन साडेनऊ किलोच्या आसपास आणि तो वाहणारं पोलाद पन्नास किलोच्या वर. लांबून गॅस आणला तर भाडं लोखंडाचंच पडतं. म्हणून द्रव टँकरने येतं, जवळच्या फिलिंग स्टेशनवर सिलिंडर भरतात आणि पुढचे पन्नास किलोमीटर तुमच्यासारखे दुकानदार सांभाळतात.

एकाच फिलरवर मात्र राहू नका. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ८० टक्के ऑक्सिजन दवाखान्यांना राखला गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये नऊ उद्योग वगळता औद्योगिक पुरवठाच केंद्राने थांबवला. कटिंगची कामं तेव्हा जागच्या जागी अडली.

हार्डफेसिंग

आर्गॉन-मिक्स आणि सीओटू स्वतःच्या सिलिंडरात घ्या, ऑक्सिजन आणि डी.ए. आधी कमिशनवर ठेवा. मिगवाल्यांचा खप वर्षभर सारखा असतो. ऑक्सिजन साखर कारखान्यांच्या ऑफ सीझनला एकदम उसळतो आणि गाळप सुरू झालं की खाली येतो. त्या महिन्यांसाठी घेतलेले सिलिंडर बाकीचे महिने रॅकवर बसतील. कारखान्यांकडून पैसे उशिरा येतात, म्हणून रॉडची उधारी आणि गॅसची उधारी एका खात्यात मिसळू नका. फिलर गॅसचे पैसे भरतानाच मागतो.