मदत हवी आहे: नव्या जाळीच्या पिंजऱ्यामुळे कॉकाटिएलला विषबाधा? (सेलू, जि. परभणी)

नमस्कार. आमच्या चिकूसाठी, म्हणजे कॉकाटिएलसाठी (छोटा तुऱ्याचा पोपट), इथल्याच वेल्डिंगवाल्याकडून जीआय जाळीचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी जाळीचा, मोठा पिंजरा करून घेतला. जाळी नवीकोरी, चकचकीत. सांध्यांवर चंदेरी थेंब जमलेत, ते हा दिवसभर चोचीनं कुरतडतो.

थोड्याच दिवसांत पिसं फुलवून बसायला लागला. पाणी खूप पितो, विष्ठा हिरवी आणि भोवती पाणीच पाणी, खाल्लेलं उलटून काढतो. कालपासून पायांत जोर नाही, दांडी सोडून तळाशी बसलाय. सराफाच्या काट्यावर वजन ७८ ग्रॅम भरलं, आधी ९२ होतं.

सगळे म्हणतात ऊन लागलं. पण उन्हाचा पक्षी चोच उघडून धापा टाकतो, पंख अंगापासून लांब धरतो. याचं तसं काही नाही, आणि पहाटे गारव्यातही हा तसाच. मला जाळीवरच्या जस्ताचाच संशय येतोय. इथले डॉक्टर गाई-म्हशी, शेळ्या बघतात. त्यांनी सरळ सांगितलं, परभणीला न्या.

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी पक्षी नेलाय का? एवढ्याशा जिवाचं रक्त काढतात का? शेजारच्या काकू ताक पाजा म्हणतात, पाजू का? कुणाला माहिती असेल तर लवकर सांगा, जीव नुसता टांगणीला लागलाय.

प्रतिसाद

ताई, ताक नको. इतक्या अशक्त पक्ष्याच्या तोंडात काहीच ओतू नका, श्वासनलिकेत गेलं तर तिथंच संपतं. आधी त्याला त्या पिंजऱ्यातून काढा. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला सुती कापड घाला, दाणा-पाणी त्याच्या तोंडाशी ठेवा. कूलरचा थेट वारा नको.

तुमचा संशय मला बरोबर वाटतो. जस्त आणि शिसं, दोन्हींत हीच लक्षणं दिसतात. तरी हिरवी विष्ठा जंतुसंसर्गातही होते, म्हणून तपासणी हवीच. एक्स-रेत पोटात धातूचे कण दिसले तर डॉक्टर लगेच उपचार सुरू करू शकतात. नाही दिसले म्हणून विषबाधा नाही असं मात्र समजू नका. रक्त काढता येतं, वजनाच्या एक टक्क्याच्या आत. चिकूचं पाऊण मिलिलिटरपेक्षा कमीच, आजारी असल्यानं त्याहूनही थोडं. जस्त तपासायचं तर रबरी बुचाची नळी चालत नाही, रबरातलं जस्त रक्तात उतरतं आणि आकडा फुगतो. हे आवर्जून सांगा.

औषध म्हणजे कॅल्शियम डायसोडियम ईडीटीएचं इंजेक्शन, ते अंगातला धातू बांधून बाहेर काढतं. नुसतं डायसोडियम ईडीटीए वेगळं, ते रक्तातलं कॅल्शियम घटवतं. दुकानातून आणायची वेळ आली तर नाव पूर्ण वाचून घ्या. डोस वजनावर ठरतो, ७८ ग्रॅम लिहून न्या.

पिंजऱ्याचं नंतर बघू. जाळी व्हिनेगर लावून ब्रशनं घासून धुतात, सुटं जस्त बरंचसं निघतं. पण चिकू कुरतडणारा आहे, त्याला स्टेनलेस स्टीलच बरं. आत्ता महाविद्यालयात फोन करून एक्स-रे चालू आहे का विचारा आणि सकाळी ऊन चढायच्या आत निघा. जाळीचा एक तुकडा सोबत असू द्या.