अनुभव धागा : गड उतरताना

सातारा, धागा काढणारा
ट्रेकचं कुठलंही वर्णन घ्या. पानंच्या पानं चढाईची असतात. दम लागला, दरवाजा दिसला, वर वारा काय सुटला होता! मग शेवटी एक ओळ, 'तासाभरात खाली आलो.' आमच्याकडे सकाळी निम्मं गाव अजिंक्यताऱ्यावर आणि उरलेलं यवतेश्वरच्या घाटात असतं, त्यामुळे अशा गोष्टी कानावर रोज पडतात. पाय घसरतात ते उतरताना, वाट चुकते ती उतरताना, आणि भांडणंसुद्धा उतरतानाच होतात. लिहायचं नेमकं तेवढंच राहतं.

म्हणून हा धागा फक्त उतरणीसाठी. सातारा-सांगलीतला कुठलाही डोंगर चालेल. महिना लिहा, कुठल्या अंगानं उतरलात ते लिहा. सूर्यास्ताचं वर्णन प्रत्येकाला एकदा माफ.

वाई
कमळगडावर तट-बुरूज शोधत फिरू नका, फारसं काही उरलेलं नाही. तिथली खरी जागा जमिनीच्या पोटात आहे, कावेची विहीर. एवढा डोंगर चढून माथ्यावर यायचं आणि पुन्हा पायऱ्यांनी कातळाच्या चिरेत खाली जायचं. दोन्ही अंगांना गेरूच्या भिंती, हात लावला की बोटं लाल. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. वर ऊन मी म्हणत होतं आणि आत सूनबाईनं ओढणी अंगाभोवती लपेटून घेतली.

साठीनंतर मला चढणाचं काही वाटत नाही, उतार दिसला की गुडघा आधी बोलतो. नांदगण्याच्या बाजूला दाट झाडी, वाटेवर पाचोळ्याचा थर आणि त्याखाली गोल दगड. सूनबाई म्हणाली, "आई, सरळ उतरू नका. खेकड्यासारख्या आडव्या चला." मुलगा हसला. मी मात्र तशीच उतरले. एक पाय आडवा टाकायचा, दुसरा त्याच्याशेजारी आणायचा, काठी खालच्या बाजूला. अर्ध्या वाटेवर मुलगाही आडवा चालायला लागला होता.

मेढा
वासोट्याची उतरण होडीवाल्याच्या घड्याळावर चालते. बामणोलीहून शिवसागर ओलांडून पलीकडे गेलं की कोयना अभयारण्य सुरू, म्हणजे आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची, सोबतच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजून द्यायच्या, परतताना तेवढ्याच दाखवायच्या. मुक्काम करता येत नाही. त्यामुळे वर बाबू कड्यासमोर बसून कोकणाकडे पाहत असतानाही कोणीतरी सारखं विचारत असतं, "किती वाजले?"

आमच्या गटातल्या एकाला येताना नागेश्वराच्या गुहेवरून यायचं होतं. होडीवाले मामा सकाळीच म्हणाले होते, "जावा की. पण अंधार पडला तर रानातली जनावरं तुमाला ओळखत न्हाईत." जानेवारीचा दिवस, लवकर मावळणारा. चर्चा बरीच झाली, आवाज चढले. शेवटी सगळे आल्या वाटेनंच उतरलो. तो गडी बामणोली येईपर्यंत बोलला नाही. झाडी इतकी दाट आहे की उतरताना तलाव दिसतच नाही, किती खाली आलो याचा अंदाजच लागत नाही. उन्हाळ्याकडे जाणार असाल तर आणखी एक गोष्ट धरून चाला : पाणी हटतं आणि होडी लांब थांबते. थकलेल्या पायांनी तो भेगाळलेला गाळ तुडवायचा असतो. हे मला कुठल्याच वर्णनात वाचायला मिळालं नव्हतं.

कोरेगाव
आमच्या नांदगिरीला, म्हंजे कल्याणगडाला, या. पैल्या दरवाज्यातनं आत गेलं की खाली उतरून भुयारात जायचं. आत पाणी, काळोख, टोकाला पार्श्वनाथ आन दत्त. बॅटरी न्या, मोबाइलच्या उजेडावर भरवसा ठिवू नका. पावसाळ्यात पाणी वाढतंय, तवा लहान पोरं भाईरच ठिवा. बाकी गड सोपा हाय, ल्ह्यायासारखं काय न्हाई.

सातारा, घाटात पळणारा
चालत नाही, पळतो. चालेल ना? २०१२ पासून होणारी हिल हाफ मॅरेथॉन साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढते आणि त्याच रस्त्यानं परत येते. चढाला दम संपतो, उताराला मांड्या. कारण असं, की उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. त्यात सूक्ष्म इजा होते आणि दुखणं लगेच नाही, एक-दोन दिवसांनी वर येतं. रविवारी पदक घेऊन मिरवलेला माणूस मंगळवारी ऑफिसचा जिना कठडा धरून उतरतो. उपाय दोनच : पावलं छोटी टाका, आणि बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. तिसरा उपाय सरावाचा. तो कोणाला आवडत नाही.

भुईंज
धाग्यावर लिहिणाऱ्यांना एक विनंती. वाट सांगताना 'डावीकडे वळा' एवढंच लिहू नका. चढताना जी डावी, तीच उतरताना उजवी. चंदन-वंदनच्या मधल्या खिंडीत असंच वर्णन हातात धरून उभी असलेली कॉलेजची पोरं मला भेटली होती. खिंडीच्या दोन्ही अंगांना वेगवेगळी गावं, पोरांची गाडी एका बाजूला आणि ती निघाली होती दुसऱ्या बाजूला. लिहायचं तर 'वंदन पाठीशी ठेवून' असं लिहा. गड काही जागा सोडत नाही. आणि ढोरवाट कुठे फुटते ते जरूर सांगा. वरून पाहिलं की ती खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेली दिसते.

खानापूर, जि. सांगली
बाणूरगडाला गावच वर आहे आणि गाडी थेट गावात येते. बहिर्जी नाईकांची समाधी बघायला पाहुणे येतात, घटकाभर थांबतात, जातात. आम्ही उतरतो ते बाजाराला आणि दवाखान्याला. याला ट्रेक म्हणत असाल तर आमची आजी सगळ्यांत मोठी ट्रेकर.

सातारा, धागा काढणारा
आजींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत येऊ द्या, वाट बघतो. भुईंजकर, तुमची सूचना वर डकवतो.

पुणे
मूळची साताऱ्याची. दिवाळीत मुलांना घेऊन वैराटगडावर जायचं आहे, व्याजवाडीकडून. धाकटी आठ वर्षांची. उतरताना त्रास होईल का?

भुईंज
ताई, त्या दिवसांत गवत वाळायला लागलेलं असतं आणि त्याखाली मुरूम. मोठी माणसंच बसत बसत उतरतात. सकाळी लवकर चढा, ऊन तापायच्या आत खाली या. धाकटीच्या खाली एक मोठं माणूस राहू द्या, मागे नको.